घरटी एक माणूस

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात आणि नाटक होतं. आमच्या गावात त्या नाटकाचा पडदा मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्याशिवाय वर जात नाही. यात माझी कर्तबगारी काडीचीही नाही. माझे आजोबा या गावाचे मालगुजार होते, एवढंच. मालगुजारी गेली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. सारावसुलीचा हक्क गेला, तलाव सरकारजमा झाला, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कुळांकडे आणि वाटण्यांत गेल्या. उरली ती ही खुर्ची, तलावाच्या पूजेचा पहिला नारळ आणि ‘मालक’ ही हाक.

हे सगळं मला नकोसं होतं, असं मी चारचौघांत म्हणतो. खरं म्हणजे आवडतं. एका वर्षी सरपंचाचे व्याही चुकून त्या खुर्चीवर बसले, तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं ते आमच्या सौभाग्यवती अजून आल्यागेल्याला करून दाखवतात.

पोटापाण्यासाठी मी मास्तर होतो. गोंदिया जिल्ह्यातल्या, गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून एसटीनं आमगावला जायचं, भूगोल शिकवायचा, परत यायचं. या नोकरीत मला एक वेड लागलं, ते म्हणजे पोरांना कामाला लावायचं. तेही दुसऱ्याच्या कामाला आणि फुकट.

सुरुवात झाली ती आईच्या डोळ्यांमुळे. तिला घेऊन गोंदियाच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. चिठ्ठीची रांग वेगळी, डॉक्टरांची वेगळी, औषधाची वेगळी. आमच्या पुढे एक गोंड बाई नातवाला पाठीशी बांधून उभी होती. दीड तासानं तिचा नंबर लागला तेव्हा खिडकीतून आवाज आला, “अम्मा, इधर नहीं, उधर.” ती ‘उधर’ गेली, पुन्हा रांगेच्या शेपटाला. मी मास्तर असूनही मला तिला काही सांगता आलं नाही, कारण कुठली रांग कशाची ते मलाच कळलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकरावीची चार पोरं रेल्वेनं गोंदियाला धाडली. छातीला पुठ्ठ्याचे बिल्ले लावले, त्यावर ‘विचारा’ एवढंच लिहिलं. संध्याकाळी परत आली ती चौघंही एकाच वेळी बोलत होती. त्यातला एक, ज्याचा वर्गात आवाज म्हणून कधी ऐकू आला नव्हता, तो म्हणाला, “सर, एका बुढीनं मले शिंगाडे देल्ले. मी नाई म्हनलं, तरी खिशात कोंबून देल्ले.” शिंगाडे त्यानं खाल्ले नव्हते, मला दाखवायला आणले होते. त्या दिवसापासून मी बिघडलो तो बिघडलोच.

निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही आमचं पथक वाढत गेलं. कुणाला रक्त लागलं की अर्ध्या तासात दोन मोटारसायकली निघायच्या. म्हाताऱ्यांचे पेन्शनसाठीचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून द्यायचे. दवाखान्यात तर आमची रोजची पाळीच असायची. माझी बायको म्हणायची, “सगळ्या जिल्ह्याला स्वयंसेवक आहेत, फक्त आमच्या घरची भांडी घासायला नाहीत.” मी हसून तिथून सटकायचो. भांडी तीच घासायची, हेही सांगून टाकतो.

या पथकाचा कणा होती एक मुलगी. आम्ही तिला कप्तान म्हणायचो. गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातली, नर्सिंगला शिकणारी, अंगानं काडी आणि जिभेनं विळा. बाप गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा, आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं ते आजीनं. कोण कुठल्या दिवशी दवाखान्यात, कोणाची परीक्षा, कोणाचं रक्त कुठल्या गटाचं, हे सगळं तिच्या डोक्यात. मला ती घाबरायची नाही. “सर, तुमचा फोन मीटिंगमध्ये वाजला तर बाहेर काढीन,” असं मला सर्वांसमक्ष म्हणाली होती. माझा फोन वाजला आणि तिनं मला बाहेर काढलंही. ओट्यावर बसून मी मनातल्या मनात खूश झालो होतो. आपण गेल्यावरही हे चालणार, अशी खात्री फार थोड्या माणसांना जिवंतपणी मिळते.

आता तलावाचं सांगतो. तलाव आजोबांच्याही आधीचा. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, चारशे-पाचशे माणसांचं धान पिकतं. पण बऱ्याच वर्षांत गाळ काढला नव्हता. तुडुमापाशी, म्हणजे जिथून शेतांना पाणी सोडतात त्या तोंडापाशी, माती साचून गेली होती. काठानं बेशरमाची झुडपं माणसापेक्षा उंच वाढलेली. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की पथकाला तलावावर उतरवायचं. पंधरा दिवस श्रमदान. पोरं तयार झाली. कप्तान तर यादी करून मोकळीसुद्धा झाली.

इथं मला अवदसा आठवली. सगळ्या गावानं यावं, नुसत्या पथकानं नाही, असं मला वाटू लागलं. लहानपणी माझी आत्या सांगायची की आजोबांच्या काळी तलावाचं काम निघालं की कोतवाल ढोलकं वाजवत दवंडी द्यायचा, आणि सकाळी सगळा गाव पाळीवर. ती सांगताना तिचे डोळे चमकायचे. केवढी एकी होती गावात, असं मला ते ऐकून वाटायचं. मी विचार केला, जुनी रीत आहे, गोड आहे, लोकांना आवडेल. कोतवालाला बोलावलं, ढोलकं शोधायला लावलं आणि आत्याकडून ऐकलेले शब्द जसेच्या तसे त्याच्याकडून पाठ करून घेतले. तो संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्यांतून फिरला: “ऐका हो ऐका, उद्या सकाळी घरटी एक माणूस, फावडं-टोपली घेऊन, मालकाच्या पाळीवर.” मी ओट्यावर उभा राहून ऐकत होतो आणि मला भरून आलं होतं.

सकाळी सहाला मी पाळीवर. नारळ, कुदळ, आंब्याखाली सतरंजी, चहाची किटली, हजेरीची वही, सगळी जय्यत तयारी. साताला अकरा पोरं होती. आठलाही अकराच. बौद्ध मोहल्ल्यातलं एकही पोर नाही, आणि पथकातली निम्मी पोरं तिथलीच. बाकीच्या मोहल्ल्यांतूनही फारसं कुणी फिरकलं नव्हतं. कप्तानचा फोन बंद. तिचा फोन बंद असणं म्हणजे घड्याळानं उलटं चालणं. मी नारळ फोडला, पहिली कुदळ मारली, सतरंजीवर येऊन बसलो आणि चिडायला लागलो. आजकालची पोरं, मोबाइल, आळस, जे जे म्हातारे बोलतात ते सगळं मी त्या आलेल्या अकरा जणांना ऐकवलं. आले त्यांनाच बोलणी, हे मला तेव्हा सुचलं नाही. दहा वाजता सरळ उठलो आणि मोहल्ल्यात गेलो.

कप्तानची आजी दारात बसली होती. पंच्याऐंशी तरी उलटलेली. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि बोटं विड्या वळत होती. नात मागच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिला कधी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

“माय, आज पोट्टी काऊन नाही आली?” मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

म्हातारीनं विडी पुरी केली, दोरा बांधला, मग बोलली. “मी नाई म्हनलं.”

“कायले?”

“काल ढोलकं वाजलं,” ती म्हणाली. “मी आतमंदी भात ठेवून राहिली होती. ‘घरटी एक मानूस’ आयकलं आन उठून उभी झाली मी, मालक. टोपली शोधून राहिली होती. ह्या पोट्टीनं हात धरला, म्हने आजी, काय पायजे तुले? मंग मले समजलं, का मी टोपली शोधून राहिली.”

ती पुढं सांगत गेली. तिचं लग्न झालं तेव्हा ती अगदी पोर होती. सासरी आली त्याच उन्हाळ्यात दवंडी झाली. घरटी एक माणूस म्हणजे न येण्याची सोय नाही. नवरा बाहेरगावी मजुरीला, सासरा तापानं पडलेला, तेव्हा घरचं एक माणूस म्हणून हीच गेली. महिनाभर माती वाहिली. मजुरी नाही. प्यायला पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे. एक दिवस तिचा पाय सुजला, ती गेली नाही, तर मालगुजाराच्या कारभाऱ्यानं सासऱ्याला तापातून उठवून नेलं. हे सगळं ती विड्या वळता वळता सांगत होती, जशी एखादी बाजाराची हकीकत सांगावी.

“ती बेगार होती, माय,” मी म्हणालो. “हे श्रमदान आहे. तलाव आता सरकारचा आहे, सगळ्यांचा आहे.”

“मंग दवंडीत मालकाची पाळ काऊन म्हनलं?”

दवंडीचे शब्द मीच कोतवालाकडून पाठ करून घेतले होते.

“माही नात रगत देते, दवाखान्यात जाते, मी कई आडवली?” ती म्हणाली. “पर त्या पाळीवर फुकट माती नाई वाहनार ते. तुमचा आजा आंब्याखाली सतरंजी टाकून बसे. तुमी कुठी बसले होते आज?”

मी घरी आलो. येताना रस्त्यात भेटलेल्या दोघांनी ‘रामराम मालक’ म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती हाक नकोशी झाली, खरोखरची. लाज वाटत होती. त्याहून जास्त राग येत होता, कारण चूक केलेल्या माणसाला आधी राग येतो. इतकी वर्षं मी या पोरांसाठी राबलो आणि मला हे ऐकवलं, असं मी बायकोजवळ तणतणलो. ती भाकरी थापत होती.

“राबलात?” ती म्हणाली. “तुम्ही राबवलं. घमेलं कधी उचललंत ते सांगा.”

मी आठवून पाहिलं. शाळेच्या मैदानाची सफाई, झाडं लावणं, रस्त्याची दुरुस्ती. सगळीकडे माझ्या हातात एकच गोष्ट होती, हजेरीची वही. घमेलं कधीच नव्हतं. हे इतकं साधं होतं की आजवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी जेवलो नाही, आणि बायकोनं आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी कप्तान घरी आली. पथकाच्या याद्या, दवाखान्याचं पाळीपत्रक, रक्तगटांची वही, सगळं एका पिशवीत. ती पिशवी तिनं बैठकीत ठेवली. “सर, आजीचं मन मोडून मी येऊ शकत नाही,” ती म्हणाली. “आणि मी आले नाही तर मोहल्ल्यातलं कोणीच येणार नाही. मग कप्तान कशाची? तुम्ही दुसरं कोणी बघा.” ती गेल्यावर मी त्या पिशवीकडे बघत बसलो. तलावाचा गाळ निघाला नसता तरी एक वेळ चाललं असतं. पण ही पोर गेली तर पथक गेलं, आणि तेही माझ्याच तोंडानं मी घालवलं, हे मला सोसवेना.

माफी मागायला जावं असं वाटलं. मग वाटलं, तोंडाची माफी मागणं मला फार सोपं आहे, जन्मभर बोलूनच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी घमेलं आणि फावडं घेऊन एकटाच तलावावर गेलो. कोणाला सांगितलं नाही. तुडुमापाशी उतरलो, घमेलं भरलं आणि पाळीवर चढायला लागलो. ती पाळ इतकी उंच आहे, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तिसऱ्या फेरीला गुडघे बोलू लागले, पाचवीला मी झाडाला धरून उभा होतो.

मग लोक जमले आणि खरी अडचण सुरू झाली. शेताकडे निघालेला एक जण धावत आला आणि माझ्या हातातलं घमेलं ओढू लागला. “मालक, आना इकडे. आमची लाज कायले काढून राहिले?” मी सोडेना. आम्ही दोघं त्या घमेल्याच्या दोन कानांना धरून ओढत होतो आणि सगळा गाळ माझ्या धोतरावर. शेवटी मी ओरडलो, “सोड म्हणतो ना! मला माझं काम करू दे.” तो बिचारा घाबरून मागे झाला. दुसऱ्यानं विचारलं की डोकं फिरलं का यांचं. तिसऱ्यानं घरून खुर्ची आणून पाळीवर ठेवली. मी ती परत न्यायला लावली. गावात माझी खुर्ची परत गेलेली ही पहिलीच वेळ.

त्या दिवशी माझी सव्वीस घमेली झाली. घरी आल्यावर बायकोनं पाठीला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या अकरा पोरांपैकी चार जण आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, त्यामुळे काय म्हणावं कळेना, नुसतं “या” म्हणालो. आम्ही दुपारपर्यंत वाहिलं. आंब्याखाली बसून बायकोनं दिलेला लाखोरीच्या डाळीचा झुणका सगळ्यांनी एकाच डब्यातून खाल्ला. इतकी चव मला कुठल्या पंगतीत आली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी पाळीवर कप्तान दिसली. आजीचा हात धरून हळूहळू येत होती. नर्सिंगचा पांढरा ड्रेस घातलेला, खांद्याला बॅग. म्हातारी पाळीवर एका दगडावर टेकली आणि बघत राहिली. मी खाली होतो. मला वाटलं आता काही बोलावं. पण घमेलं भरलेलं होतं, म्हणून आधी ते उचललं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, वाकून, धापा टाकत मी चढलो, माती टाकली आणि परत उतरलो. अशा तीन फेऱ्या झाल्या.

चौथ्या फेरीला म्हातारीनं हाक मारली. “असं नाई, मालक. पोटाशी धरसान त कंबर मोडन.” तिनं नातीची ओढणी मागितली, तिला पीळ दिला, गोल चुंबळ केली आणि मला खाली वाकायला लावलं. मी वाकलो. चुंबळ तिनं माझ्या डोक्यावर बसवली, एकदा दाबून पाहिली. “मान सरळ. नजर पायापाशी नाई, पुढं. आन हात सोडून द्या.” मी घमेलं डोक्यावर घेऊन पाच पावलं चाललो. गाळाचं पाणी मानेवरून पाठीत उतरलं, पण कमरेचं दुखणं निम्मं झालं. तिला हे तेव्हा, त्या पोरवयात कुणी शिकवलं असेल, असं माझ्या मनात आलं. विचारायचं धाडस झालं नाही.

“दवंडी चुकली, माय,” मी म्हणालो. एवढंच म्हणता आलं.

ती नातीकडे वळून म्हणाली, “हा बुढा एकटा मरून जाईन इथं. बाई, तुले यायचं असन त ये. नसन यायचं त नोको येऊ. मी काई म्हनत नाई.”

तीन दिवस मी याच वाक्यासाठी माती वाहत होतो, हे कबूल करतो. सगळी पोरं कामं थांबवून बघत होती. कप्ताननं घड्याळ पाहिलं.

“आज नाही जमत, सर,” ती म्हणाली. “आज माझी दवाखान्यात ड्यूटी आहे. उद्या सातला येते. मोहल्ल्यातली पोरं येतील की नाही ते त्यांनाच विचारते, मी सांगणार नाही.”

म्हातारी हसू लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. तिनं पदरानं डोळे पुसले, पण हसू थांबेना. “आयकलं का, मालक?” ती मला म्हणाली. “पाळीवर उभी राहून म्हनली ते, आज नाई जमत.”

“ऐकलं,” मी म्हणालो. आणि वही नसल्यामुळे तिची गैरहजेरी कुठं मांडायची हा प्रश्नही मला पडला नाही. कप्तान बस गाठायला निघून गेली. तिची ओढणी माझ्या डोक्यावर तशीच होती. मी पुन्हा खाली उतरलो.